राउटरजवळ १८०, बेडरूममध्ये ९ : घरातलं वायफाय नेमकं कुठे अडतंय?

गवतीचहा

नमस्कार मंडळी,

पुण्यात सिंहगड रस्त्याला जुन्या सोसायटीत टू बीएचके आहे. भिंती विटांच्या, खांब आणि तुळया काँक्रीटच्या. फायबरचं कनेक्शन आहे, प्लॅन २०० एमबीपीएसचा. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे ठेवलाय, कारण फायबर त्याच खिडकीतून आत येते.

आकडे असे आहेत. राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर १७० ते १८०. स्वयंपाकघरात ६०च्या आसपास. आतल्या बेडरूममध्ये, जिथे माझं ऑफिसचं टेबल आहे, तिथे लॅपटॉपवर ९ ते १२, आणि रात्री नऊनंतर ४ सुद्धा बघितलेत. हॉलमध्ये आणून लॅपटॉपला थेट केबल लावली तर ९४.

कंपनीचा माणूस येतो, राउटरला खेटून स्वतःच्या मोबाइलवर टेस्ट करतो, 'सर, स्पीड तर येतोय' म्हणतो, आणि तो जिना उतरत असतानाच 'तुमची तक्रार निवारण झाली आहे' असा मेसेज मला येतो.

आता ३००चा प्लॅन घेऊ, नवीन राउटर घेऊ की मेश (खोल्याखोल्यांत ठेवायचे, मिळून एकच वायफाय देणारे डबे) घेऊ? मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो म्हणून टीममध्ये माझी चेष्टा सुरू झालीय.

निनाद७४

प्लॅन अजिबात वाढवू नका. राउटरपाशी १८० येतायत म्हणजे रस्त्यापासून राउटरपर्यंतचं काम चोख आहे. ३०० घेतलेत तरी बेडरूममध्ये ९च येतील, बिल तेवढं वाढेल.

बोरकूट

डीएनएस बदला. १.१.१.१ टाका. माझ्याकडे नेट एकदम सुसाट झालं.

निनाद७४

@बोरकूट, डीएनएस म्हणजे फक्त संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणारा. तो चपळ असेल तर पान उघडायला लवकर सुरुवात होते. पण एकदा व्हिडिओ चालू झाला की त्याचं काम संपलं. ९चे ९० तो करू शकत नाही.

बोरकूट

बरं बुवा. पण सुसाट झालं होतं.

पाटीपेन्सिल

धाग्यात घुसून एक प्राथमिक शंका. माझाही २०० एमबीपीएस, पण फाइल उतरवताना खाली २२ एमबी दिसतं. मग बाकीचं कुठे जातं?

बे_एके_बे

कुठेही जात नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. २२ गुणिले ८ बरोबर १७६. वरचे थोडे वाहतुकीच्या हमालीत जातात. तुमचं नेट उत्तम आहे, निवांत झोपा.

तारमास्तर

गवतीचहा, तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात बोलका आकडा बेडरूमचा ९ नाहीये, केबलवरचा ९४ आहे. वायफायवर १८० आणि केबलवर ९४, हे उलटं नाही वाटत का?

९४-९५ दिसले की समजायचं, जोडणी १०० एमबीपीएसवर अडकलीय. जुन्या फास्ट इथरनेटमधून नियमांचा बोजा वजा जाता प्रत्यक्ष एवढंच मिळतं. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. आठातली एक तार जरी कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल, तरी दोन्ही बाजू गुपचूप १००वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. दुसरी शक्यता अशी की तुमच्या राउटरचा तो पोर्टच १००चा असेल. कनेक्शनबरोबर मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतो. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००/१०० दिसलं तर केबल बदला, मग पोर्ट बदला.

याने बेडरूमचा प्रश्न सुटणार नाही, तो वेगळा आजार आहे. पण आधी हे करा. तपासणीची पट्टीच १००ची असेल तर २०० कसं मोजणार?

बेडरूमसाठी एक फुकटची चाचणी. लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या उघडा. एकीतून राउटरला पिंग (हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) चालू ठेवा (बहुतेकांचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो), दुसरीतून ८.८.८.८ला, म्हणजे बाहेर गूगलला. राउटरचाच पिंग २ मिलिसेकंदांवरून २०० वर उड्या मारत असेल, तर गोंधळ घरातल्या हवेत आहे. राउटरचा पिंग स्थिर आणि बाहेरचाच उड्या मारत असेल, तर कंपनीला धरा, आणि तो स्क्रीनशॉट दाखवूनच धरा. ही चाचणी दुपारी एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा करा.

जर्सीकर

सरळ मेश घ्या हो. मी इथे न्यू जर्सीत तीन डबे ठेवलेत, तळघरापासून पोटमाळ्यापर्यंत फुल सिग्नल. लावले आणि विसरलो.

चिरेबंदी

@जर्सीकर, तुमची घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकलेली. त्यातून सिग्नलच काय, शेजारच्याचं घोरणंही आरपार जातं. आमच्याकडे राजापूरला जांभ्या चिऱ्याची भिंत आहे, तिच्यापलीकडे मेशचा दुसरा डबा ठेवला तर त्यालाच पहिला दिसत नाही. (हलके घ्या.)

जर्सीकर

:) हे मान्य. पुण्याच्या घरी आईकडे तोच संच नेला होता, तिथे निम्मंही चाललं नाही. मला वाटलं डबे विमानात आपटले.

तारमास्तर

आपटले नव्हते. मेशचे डबे आपापसात वायफायनेच बोलत असतील तर दुसरा डबा पहिल्याकडून जे मिळेल तेच पुढे वाटणार. जिथे नेट पोचत नाही तिथे डबा ठेवून उपयोग नाही. जिथे अजून चांगलं येतंय आणि पुढची खोलीही दिसतेय, अशा मधल्या जागी ठेवावा लागतो. स्वस्त रिपीटरची तर आणखी एक अडचण. एकाच रेडिओने ऐकायचं आणि त्याच रेडिओने पुन्हा सांगायचं, म्हणजे वेग साधारण निम्मा. डब्यांच्या मागून केबल जोडली तर मात्र मेशसारखी चांगली गोष्ट नाही.

रानमेवा

रिपीटरबद्दल +१. आमच्या घरी मोबाइलवर कांड्या चार आणि वेग ५. कांड्या रिपीटरच्या असतात, नेट राउटरचं असतं. मुलाला हे समजावता समजावता माझी दहावी पुन्हा झाली.

नागपुरी_संत्रं

आमचा किस्सा. उन्हाळ्यात आतल्या खोलीतलं नेट मंदावायचं, पावसाळ्यात ठीक. घरात सगळ्यांचा निष्कर्ष : गर्मीने राउटर तापतो. राउटरवर छोटा पंखा लावून झाला. शेवटी भाच्याच्या लक्षात आलं की मार्चमध्ये जो डेझर्ट कूलर खिडकीत बसतो, तो बरोबर राउटर आणि आतली खोली यांच्यामध्ये येतो. पत्र्याचा डबा आणि आत टाकीभर पाणी. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी शोषतं. राउटर दाराच्या वर उंच नेला, काम झालं. पंखा आता देवघरात आहे.

शिंत्रेकाकू

मला यातलं फार कळत नाही, पण माझा राउटर मुलाने शोकेसवर सगळ्यात वर ठेवला तेव्हापासून व्हिडिओ कॉल छान चालतो. पूर्वी तो टीव्हीच्या कपाटात, दार लावून, वर क्रोशाचा रुमाल घालून ठेवला होता. धूळ बसते ना.

बाकी आमच्या बिल्डिंगमध्ये वायफायला काय काय नावं ठेवलीत! एकाचं 'पासवर्ड मागू नका', रोमन लिपीत. एकाचं 'पोलीस व्हॅन'. एकाने तर मेंटेनन्स थकवणाऱ्याचा फ्लॅट नंबरच लावलाय.

खडूस

पुणेरी पाट्यांचं पुढचं पाऊल. पण रोमन लिपीत का? मराठीतच ठेवायला हवं होतं.

बे_एके_बे

ठेवता येतं, पण पाटी छोटी पडते. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त वेगळे मोजतात. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. 'पासवर्ड नाही' ३४ बाइट होतं, बसत नाही. 'चहा नाही' २२मध्ये बसतं.

खडूस

बदललं. आजपासून आमच्या वायफायचं नाव 'चहा नाही'.

गवतीचहा

माझ्या आयडीवरून हा टोमणा नाही असं समजतो.

तर अहवाल. लिंक स्पीड खरंच १००/१०० होतं. घरातली दुसरी केबल लावली, तेच. राउटरच्या पिवळ्या पोर्टमध्ये घातली आणि १०००/१००० आलं, टेस्टमध्ये १९६! तारमास्तर, दंडवत.

पिंग : बेडरूममधून राउटरलाच ३ ते ३५० असा नाचतोय. हॉलमध्ये केबलवर तोच १ मिलिसेकंद. रात्रीही केबलवर बाहेरचा पिंग स्थिर आहे. म्हणजे घरातल्या हवेचाच दोष.

मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून पाहिलं. २.४ गिगाहर्ट्झवर बेडरूममधून तीसेक नेटवर्क दिसतात (त्यात 'चहा नाही' नाही). माझा राउटर चॅनेल ३ वर, रुंदी ४० मेगाहर्ट्झ. बेडरूममध्ये २.४चा सिग्नल उणे ६९ डीबीएम (ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं), ५चा उणे ८१. लॅपटॉप २.४लाच चिकटून बसतो. हॉल आणि टेबल यांच्यामध्ये बाथरूम आणि आरशाच्या दाराचं लोखंडी कपाट आहे.

तारमास्तर

अशी माहिती दिली की उत्तर द्यायला मजा येते.

२.४ गिगाहर्ट्झचा सगळा पट्टा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झचा. २० रुंदीचे, एकमेकांवर न चढणारे चॅनेल त्यात तीनच बसतात : १, ६ आणि ११. तुमचा राउटर ३वर बसून ४०ची जागा अडवतोय, म्हणजे १वाल्यांशीही भांडतोय आणि ६वाल्यांशीही. वायफायचा नियम असा की दुसरा बोलत असेल तर थांबायचं. समोरचा आपल्याच चॅनेलवर असेल तर दोघं पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेला असेल तर त्याचं बोलणं ऐकू येत नाही, नुसता गोंगाट होतो. म्हणून गर्दी असली तरी १, ६ किंवा ११च निवडायचा, आणि रुंदी २०. रात्रीचे ४ का येतात हेही इथेच कळतं, रात्री तीसही नेटवर्क जागी असतात.

आता ५ गिगाहर्ट्झ. इथे जागा भरपूर, २०१८मध्ये भारतात या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त झाला. पण भिंतीतून जाताना तो जास्त दमतो. उणे ६९ आणि उणे ८१ यांत फरक १२चा दिसतो, पण हे मोजमाप असं की दर ३ डीबीला ताकद निम्मी होते. म्हणजे १२ला सोळावा हिस्सा. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ किंवा त्याहून बरं हवं.

बाथरूमच्या भिंतीत फरशी, पाइप आणि ओल. लोखंडी कपाट म्हणजे सिग्नलला बंद दार. आणि आरसाही, कारण काचेमागे धातूचाच मुलामा असतो. कपाट सरकवता येत असेल तर आजच सरकवा. नसेल तर राउटर टीव्हीमागून काढा, टीव्हीची पाठही धातूचीच असते. वर अँटेना असतील तर उभ्या ठेवा. त्या टोकातून फेकत नाहीत, भोवताली आडव्या फेकतात.

सवाष्ण

मला एक सांगा, एवढे तीस वायफाय रात्रभर डोक्याशी चालू, त्याचं रेडिएशन? आम्ही तर झोपताना बंद करतो.

निनाद७४

बंद करायला हरकत नाही, वीज वाचेल. पण घरगुती राउटर साधारण एक दशांश वॅटने बोलतो आणि या लहरी अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवण्याइतक्या ताकदीच्या नसतात. कानाला लावलेला मोबाइल जास्त जवळ असतो.

सवाष्ण

रात्री बंद केल्याने मुलगा झोपतो, हा फायदा मात्र नक्की आहे.

मुसळधार

माझं दुखणं वेगळं. राउटरजवळही २२च्या वर जात नाही, कुठेही, कुठल्याही मोबाइलवर. केबलवर पूर्ण १५० येतात. राउटर वायफाय ५चा आहे, चॅनेल बदलून झाले.

बे_एके_बे

सुरक्षेच्या सेटिंगमध्ये काय आहे? डब्ल्यूपीए-टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी या जुन्या पद्धती असतील तर तिथेच अडलंय. वायफायच्या २००९च्या 'एन' मानकापासून पुढचे वेग टीकेआयपीबरोबर चालत नाहीत. जोडणी जुन्या ५४ एमबीपीएसवर उतरते आणि हातात वीस-बावीस पडतात. डब्ल्यूपीए२-एईएस करा, चालत असेल तर डब्ल्यूपीए३.

मुसळधार

टीकेआयपीच होतं! बदललं, आता १४० येतात. मी वर्षानुवर्षं भिंतीला शिव्या घालत होतो.

डोंगरवाट

एईएस केल्यावर एखादं जुनं प्रिंटर किंवा टीव्ही जोडलं जात नाही अशी बोंब होईल, तयारी ठेवा. आणि जुनी उपकरणं तशीही सगळ्यांना खाली खेचतात. हवेतला वेळ सगळ्यांत वाटून असतो. लांबच्या खोलीतला संथ मोबाइल तेवढीच माहिती घ्यायला दसपट वेळ घेतो आणि बाकीचे ताटकळतात. पंगतीत एक आजोबा सावकाश जेवत असले की कुणालाच उठता येत नाही, तसं. बऱ्या राउटरमध्ये एअरटाइम फेअरनेस नावाची सोय असते, ती चालू करून बघा.

टकळी

माझ्या लॅपटॉपचा वेगळाच चमत्कार. बॅकअपची हार्ड डिस्क लावली की वायफाय मरतं आणि बिनवायरीचा माउसही अडखळतो.

बे_एके_बे

यूएसबी ३. त्याच्या वाहतुकीचा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो, इंटेलने २०१२मध्येच यावर टिपण काढलं होतं. डिस्क लांब वायरने दूर ठेवा, माउसचा रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा, आणि लॅपटॉपला ५वर न्या.

लोहगावकर

५वर नेताना चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९च्या पुढचे निवडा असं सुचवतो. मधले चॅनेल (५२ ते १४४) रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. रडार ऐकू आलं की राउटरला ती जागा सोडावी लागते आणि नवी जागाही याच चॅनेलांतली असेल तर तिथे बसण्याआधी मिनिटभर गप्प राहून ऐकावं लागतं. विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांना '५जी वायफाय मधूनच गायब होतं' याचं उत्तर इथे मिळेल.

शिंत्रेकाकू

५जी म्हणजे मोबाइलचं ५जी का?

लोहगावकर

नाही काकू, नाव सारखं, गोष्टी वेगळ्या. राउटरवरचं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मोबाइलवरचं म्हणजे पाचवी पिढी.

गवतीचहा

चॅनेल ११, रुंदी २०, राउटर टीव्हीवरच्या फळीवर. बेडरूममध्ये २.४वर ३५ ते ४० येऊ लागले, तेही रात्री! कपाट सरकणार नाही, सासूबाईंनी नकाराधिकार वापरलाय.

पण कॉल अजूनही मधेच तुटतो. वेग पुरेसा असताना? बहुतेक संध्याकाळी, सगळे घरी आल्यावर.

अनुस्वार

सगळे घरी आले की मोबाइल वायफायला लागतात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. स्पीड टेस्टमध्ये सगळे डाउनलोड बघतात, अपलोड कुणी बघत नाही. वर जाणारी वाट भरली की राउटर पाकिटं रांगेत साठवत बसतो आणि तुमच्या आवाजाचं पाकीट त्या रांगेच्या शेवटी. इंग्रजीत याला बफरब्लोट म्हणतात. कॉल चालू असताना पिंग बघा. कुणी मोठा व्हिडिओ चढवला की पिंग शेकड्यात जाईल.

उपाय : फोटो बॅकअप रात्री उशिरावर टाका. घरात क्लाउडला जोडलेले सीसीटीव्ही असतील तर तेही चोवीस तास वर पाठवत असतात. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडला प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांवर लगाम घाला. हौस असेल तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर घ्या, त्यातली एसक्यूएम नावाची रांग सांभाळणारी सोय हे काम सुंदर करते. पण ती हौसच आहे, रविवार जातो.

खडूस

रविवार जातो आणि सोमवारी घरचे विचारतात, नेट का बंद आहे.

तारमास्तर

अनुस्वार यांच्याशी सहमत. गवतीचहा, ऑफिसचं काम रोजचं आहे, तर टेबलापर्यंत केबल न्या. वायफाय मोबाइलसाठी ठेवा. जुन्या इमारतीत बेडरूममध्ये लँडलाइनचा किंवा केबल टीव्हीचा पॉइंट असतो. त्या बंद पडलेल्या वायरच्या टोकाला कॅट६ (नेटची केबल) बांधायची, चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची आणि दुसऱ्या बाजूने ओढायची. एकाने ढकलायचं, एकाने ओढायचं. भिंत फोडावी लागत नाही. फक्त विजेच्या वायरी ज्या पाइपातून जातात त्यातून ही केबल घालू नका, तिथे २३० व्होल्ट आहेत. पाइप चोंदला असेल तर स्कर्टिंगवरून पट्टी ठोकून न्या.

केबल शुद्ध तांब्याची घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून घ्या, स्वस्तातली सीसीए देतील. ती आतून अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. दोनदा वाकवली की तुटते आणि तुम्ही परत ९४वर.

पलीकडच्या टोकाला घरातला जुना राउटर लावा. त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद, पत्ता १९२.१६८.१.२ असा वेगळा, केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (बाहेरून नेट घेणाऱ्या वॅनमध्ये नाही), वायफायचं नाव-पासवर्ड पहिल्यासारखंच, चॅनेल वेगळा. झाला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारा डबा, पैसे शून्य.

डोंगरवाट

जुन्या राउटरचा अडॅप्टर तपासून घ्या. आमच्याकडे १२ व्होल्टच्या राउटरला कुणीतरी सेट-टॉप बॉक्सचा ९ व्होल्टचा लावला होता. दिवे सगळे लागायचे, वायफायवर चार मोबाइल आले की राउटर स्वतःच रीस्टार्ट. पिन बसते म्हणून अडॅप्टर चालतो असं नाही.

रानमेवा

आणि फायबर सरकत्या खिडकीच्या फटीतून आली असेल तर तीही बघा. आमच्याकडे पावसात खिडकी घट्ट लावली की लाल दिवा. काच फायबरवर दाबली जायची. खिडकीच्या चौकटीत भोक पाडून घेतलं.

गवतीचहा

टेलिफोनच्या पाइपातून केबल आली! इलेक्ट्रिशियनने ओढली, आम्ही पलीकडून ढकलली, मध्ये एकदा अडकली तेव्हा पाइपातून वाळवीची माती निघाली. टेबलावर केबलने १९४, जुन्या राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवर बेडरूममध्ये १५० पर्यंत. बायकोच्या मोबाइलचा बॅकअप रात्री दोनवर टाकला. या आठवड्यात कॉल तुटला नाही, टीममध्ये नवीन गिऱ्हाईक शोधलंय. प्लॅन २००चाच. सगळ्यांचे मनापासून आभार.

बोरकूट

डीएनएस बदललात का शेवटी?

गवतीचहा

बदलला हो. पान पटकन उघडतं असं वाटतं खरं :)

चिरेबंदी

गवतीचहांचं झालं असेल तर माझी गाडी पुढे काढतो. राजापूरला मुख्य घरात फायबर आलीय. अंगणापलीकडे, साधारण दीडशे फुटांवर, गोठ्याच्या जागी होमस्टेच्या दोन खोल्या बांधल्यात, त्याही चिऱ्याच्याच. मध्ये माड-पोफळी. पाहुणे आले की पहिला प्रश्न वायफायचा, समुद्राचा नंतर. कॅट६ टाकू का? अंतर तर १०० मीटरच्या आत आहे.

तारमास्तर

अंतर बसतं, पण टाकू नका. दोन वेगळ्या इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेली की मेच्या आणि ऑक्टोबरच्या विजांना ती वाट मिळते. जवळपास वीज पडली तरी दोन्हीकडचे डबे जातात. फायबर टाका. तिच्यातून वीज वाहत नाही. बाहेरच्या फायबर केबलला आधाराला पोलादी तार असते, ती घराबाहेरच तोडून खुंटीला बांधा, आत आणू नका. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटची केबल जोडणारा डबा) आणि खोल्यांच्या बाजूला अ‍ॅक्सेस पॉइंट.

लोहगावकर

समोरासमोर बसवायच्या ५ गिगाहर्ट्झच्या जोडीनेही होईल, खोदायला नको.

चिरेबंदी

मध्ये पोफळी आहेत हो. उन्हाळ्यात दिसेल, जूनमध्ये ओली झावळ हलली की गेलं. आमच्या केबलवाल्याचा डोंगरावरचा टॉवर असाच होता. फायबरच टाकतो. जोडणी तोच केबलवाला करून देईल, त्याच्याकडे फायबर सांधायचं यंत्र आहे. कन्व्हर्टर मी रत्नागिरीहून आणतो.

तारमास्तर

आणताना जोडी बघून घ्या. एकाच धाग्यावर चालणारे असतील तर एक 'ए' आणि एक 'बी' लागतो. एक ज्या तरंगलांबीवर पाठवतो त्यावर दुसरा ऐकतो. दुकानदार दोन सारखेच डबे देतो, आणि मग दोन्ही बाजूंना दिवा लागत नाही.